'तिखट', 'तिक्त' आणि 'कडू'

परदेशात नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'भारतीय जेवण स्पायसी असते' असे त्याचे सहकारी म्हणतात, कोणी कौतुकाने, तर कोणी नाक मुरडून. या 'स्पायसी'ला मराठीत 'मसालेदार' म्हणावे, 'तिखट' म्हणावे, की खाद्यविषयक लेखांत हल्ली दिसणारा 'तिक्त' हा शब्द अधिक शुद्ध समजावा?

पहिल्या दोन शब्दांचा निकाल लवकर लागतो. ठेच्यात मिरची, लसूण आणि मीठ यांपलीकडे फारसे काही नसते, तरी तो डोळ्यांतून पाणी काढतो. उलट गोड्या मसाल्याच्या आमटीत धने, तीळ, खोबरे, दगडफूल असा सगळा संसार असूनही ती लहान मुले भाताबरोबर मिटक्या मारीत खातात. ठेचा तिखट आहे, आमटी मसाल्याची आहे, आणि सहकाऱ्यांना यांपैकी काय सोसत नाही हे त्यांनाच विचारले पाहिजे. सगळे भारतीय जेवण एका शब्दात कोंबू गेले की फजिती होते. २०२१ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या एका विनोदी स्तंभात हे जेवण 'करी' नावाच्या एकाच मसाल्यावर आधारलेले असल्याचे छापून आले आणि वृत्तपत्राला दुरुस्ती द्यावी लागली.

'तिक्त रस्सा' असे वाचले की मात्र माझा संयम सुटतो. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिक्त म्हणजे कडुनिंबाची आणि कारल्याची चव, आणि कटु म्हणजे तिखट. म्हणूनच सुंठ, मिरी आणि पिंपळी यांना 'त्रिकटु' म्हणतात. मराठीत आल्यावर कटूचा 'कडू' झाला आणि त्याने तिक्ताची जागा बळकावली. माझ्या एका परिचितांना आम्लपित्तासाठी कटू रस वर्ज्य करण्यास सांगितले गेले, तेव्हा त्यांनी दोन महिने कारले सोडले आणि ठेचा मात्र चालू ठेवला. हिंदीत मोहरीच्या तेलाला आजही 'कड़वा तेल' म्हणतात. ते तेल कडू नसून झणझणीत असते, म्हणजे जुना अर्थ तेथे बाटलीत जपून राहिला आहे.

'तिखट' हा 'तिक्त'चा अपभ्रंश आहे, असे सांगणारेही भेटतात, आणि ते बहुधा ठासून सांगतात. त्यांनी आपल्याच ताटाकडे पाहावे. भक्ताचा भात झाला, सक्तूचे सातू झाले. त्याच वाटेने तिक्ताचा 'तीत' झाला असता, त्यात 'ख' कोठून येणार? तो तीक्ष्णातून, प्राकृतातील 'तिक्ख'मधून आला, आणि शेवटचा 'ट' आंबट, खारट, तुरट यांच्या पंगतीत बसून मिळाला. ज्याचे कान तिखट असतात त्याने मिरची खाल्लेली नसते. तेथे तीक्ष्णपणाच उरलेला आहे. माझा तर्क असा की, 'तिक्ख' आणि तिक्ताचे प्राकृत रूप 'तित्त' हे शब्द उच्चारात इतके जवळ आले की दोघांचा एका घरात निभाव लागेना. बंगालीने 'तेतो' म्हणून कडूसाठी दुसरा ठेवला, आपण जळजळीसाठी पहिला ठेवला, आणि रिकाम्या जागी कटूला जाऊन बसावे लागले. पोर्तुगीजांबरोबर मिरची येण्यापूर्वीच हे सारे घडून गेले असावे. गंमत म्हणजे तीक्ष्ण आणि तिक्त हे दोन्ही शब्द 'तिज्' या एकाच धातूचे. तेज त्याचेच, आणि सोसण्याची इच्छा म्हणजे 'तितिक्षा' हीसुद्धा त्याचीच, त्यामुळे सावजीचा रस्सा आणि तो खाणाऱ्याचा धीर यांचे मूळ एक आहे!

आता गीतेकडे वळणे भाग आहे. सतराव्या अध्यायात राजस माणसाच्या आवडत्या आहारात कटु आणि तीक्ष्ण हे दोन्ही शब्द आले आहेत. गीतेचे संस्कृत टीकाकार श्रीधरस्वामी यांनी कटूचे उदाहरण म्हणून कडुनिंब दिला, तीक्ष्णाचे म्हणून मिरी, आणि मराठी भाषांतरकार बिनदिक्कत 'कडू, आंबट, खारट' असे लिहीत आले. राजस माणूस हौसेने कडुनिंब चघळतो, हे मला मुळीच मान्य नाही. तिखटासाठी तीक्ष्ण शब्द असताना कटु पुन्हा त्याच अर्थाने कशाला येईल, हा आक्षेपही टिकत नाही, कारण आयुर्वेदात तीक्ष्ण हा वीस गुणांपैकी एक आहे, तो रस नव्हे. ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी काळकूटाच्या तोडीचा 'कडुवट' आहार सांगितला आहे, आणि तोही तिखटच असावा, असे मला वाटते. काळकूट कडू लागते असे कोणी चाखून सांगितलेले नाही, ते जाळते एवढेच पुराणांत आहे.