अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, मग अनुभव आणायचा कुठून?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. बहुतेक तिशी-चाळिशीतल्या बायका, ग्रॅज्युएट, मुलं आता जरा मोठी झालेली, प्ले ग्रुप किंवा नर्सरीत असिस्टंट टीचर म्हणून लागायचंय, आणि प्रत्येकीचं म्हणणं तेच, मॅडम सगळे अनुभव मागतात, कोणी घेतलंच नाही तर अनुभव येणार कुठून? प्रश्न खोटा नाहीये, शाळा खरंच असं विचारतात. पण जरा खोदलं की खाली बऱ्याचदा दुसरीच भीती निघते.

घणसोलीच्या एक ताई होत्या (परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत). बी.कॉम., लग्नाआधी अकाउंट्सची नोकरी, मग मोठा गॅप. ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला माझ्याकडे यायच्या, हातात एक जाड फाइल. पहिल्याच भेटीत ती उघडून दाखवली. फोनिक्सचा (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचा) कोर्स, हँडरायटिंगचा कोर्स, बालमानसशास्त्राचा ऑनलाइन, नर्सरी टीचर ट्रेनिंग, आणि आता अजून एकाची फी भरायची होती.

"हा झाला की अप्लाय करते."

"मागचा झाला तेव्हा केलं होतंत का?"

"तेव्हा वाटलं अजून थोडी तयारी हवी."

"ताई, या सगळ्या कोर्सेसमध्ये मिळून तीन वर्षांच्या मुलांसोबत किती वेळ बसलात?"

जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "व्हिडिओ बघितलेत खूप."

माझ्या कामाची बैठक अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची आहे. माणूस परिस्थितीने जितका अडतो त्यापेक्षा जास्त त्या परिस्थितीबद्दल स्वतःला जे बजावतो त्याने अडतो, हे मी रोज बघते. म्हणून विचारलं, उद्या वर्गात उभं केलं तर सगळ्यात वाईट काय होईल? उत्तर लगेच आलं, जणू तयारच होतं. "मूल रडायला लागेल, मला गप्प करता येणार नाही, आणि ती माझ्याहून लहान टीचर मनात म्हणेल, या वयात आलीय आणि हिला काहीच येत नाही." म्हणजे ताईंनी स्वतःला अट घालून ठेवली होती की पहिल्या दिवसापासून सगळं यायलाच पाहिजे. ही अट मनात असली की दहा सर्टिफिकेटं घेतली तरी अकरावं लागतंच.

मग ठरलं, नवीन कोर्स बंद, जवळची बालवाडी शोधायची आणि आठवड्यातून दोन सकाळी मदतीला जायचं. तिथे काय बोलायचं तेही आम्ही बसून पक्कं केलं, की मला हे काम शिकायचंय, शिकवायला देऊ नका, बाई सांगतील ते करेन. असं विचारलं तर लहान बालवाड्या सहसा नाही म्हणत नाहीत, पंचवीस मुलं सांभाळताना दोन हात जास्तीचे कोणालाही हवेच असतात.

पुढच्या वेळी आल्या त्या चिडूनच. "मॅडम, मला तिथे आया समजतात. हात धुवायला न्या, डबे उघडून द्या, चपला लावा. याला काय अनुभव म्हणायचं?"

मी समजावत बसले नाही. फक्त म्हटलं, डब्याच्या वेळी काय काय झालं ते सावकाश सांगा.

एक मुलगा रोज डबा आणून यांच्या हातात द्यायचा, बोलायचा नाही, नुसता पुढे करायचा. त्या रोज उघडून द्यायच्या. एक दिवस त्यांनी एका बाजूचं क्लिप फक्त सैल केलं, डबा त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवून बसल्या. त्याचा अंगठा घसरला, परत लावला, परत घसरला, ओठ काढून त्याने यांच्याकडे बघितलं. "मला पटकन उघडून द्यावंसं वाटत होतं हो, पण थांबले." मग झाकण फटकन उघडलं आणि पोळीचा रोल खाली पडला. पोराने रोलकडे बघितलंच नाही, झाकण लावलं आणि परत उघडलं, परत लावलं परत उघडलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीचा डबा ओढून घेतला आणि म्हणाला, मी देतो. बालवाडीत त्याचं हे पहिलं वाक्य.

सांगता सांगता ताई मध्येच थांबल्या. मीही काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं वाया जातं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या,

"म्हणजे मी थांबले, तेच काम होतं का?"

"थांबायचं हे कळलं कशावरून?"

"त्याचा अंगठा बघत होते. जमत आलं होतं त्याला."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या सेशनचं समाधान आजही आहे. तीन वर्षांचं मूल डबा, नळ, चप्पल, शर्टाचं बटण यातूनच तर शिकत असतं, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी असिस्टंट बसलेली असते. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हेही त्यांनी शिक्षणच मानलं. मग हात धुवायला नेणं कमीपणाचं कसं?

नंतर त्यांनी एक वही केली. रोज एकाच मुलाबद्दल चार ओळी, त्याने काय केलं, मी काय केलं, पुढे काय झालं. कोपरखैरण्याच्या एका प्रीस्कूलमध्ये इंटरव्ह्यूला अनुभव विचारला तेव्हा फाइल न उघडता डब्याचा किस्सा सांगितला आणि जूनपासून लागल्या. पहिल्याच आठवड्यात एक मूल तासभर रडलं आणि यांच्याकडून गप्प झालं नाही, ज्याची सगळ्यात जास्त धास्ती होती तेच. फोनवर आवाज अगदी साधा होता, "नाही झालं गप्प, टीचरने घेतलं, उद्या परत बघते."

आता ज्या विचारतात त्यांच्यासाठी. कोर्स करूच नका असं मी म्हणत नाहीये, एक चांगला करा आणि सोबतच मुलांमध्ये बसा. बारावीनंतर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा आहे, किमान एक वर्षाचा, दूरस्थ, घर सांभाळून जमतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वयोगटाचा वेगळा पायाभूत टप्पा केलाय, त्यामुळे या वयाचं नीट ट्रेनिंग घेतलेलं वाया जाणार नाही. पुढे पहिली ते पाचवीला नियमित शिक्षिका व्हायचं मनात असेल तर मात्र दोन वर्षांचं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा) आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते, असिस्टंट म्हणून केलेलं काम त्याची जागा घेत नाही, हे आधीच माहीत असू दे. विशेष गरजा असलेल्या मुलासोबत शॅडो टीचर म्हणून, म्हणजे वर्गात त्या एकाच मुलाच्या मदतीला, जायचं असेल तर त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्या, नुसती माया पुरत नाही. आणि प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट जरूर घ्या, सेंट जॉन अँब्युलन्सवाले शिकवतात, मुलाच्या घशात द्राक्ष अडकलं तर व्हिडिओ शोधायला वेळ नसतो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही शाळा मागतात, त्याची तयारी ठेवा.

फुकट मदत करायची तर मुदत ठरवून करा, दोन-तीन महिने, आणि शेवटी लेटरहेडवर काय काम केलं ते लिहून घ्या. मदतीच्या नावाखाली वर्षभर राबवून घेणाऱ्या जागाही आहेत, तिथून निघून या. सीबीएसईवाल्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आपल्या बोर्डाच्या जूनमध्ये, म्हणून चौकशी जानेवारीपासूनच करा. पगार सुरुवातीला कमीच असतो, तो स्पष्ट विचारा, लाजू नका, आणि मे महिन्याच्या सुट्टीचा पगार मिळतो का हेही त्याच वेळी विचारून घ्या.