खंडेनवमीनंतर येणारी पत्रं: काडतुसांविषयी प्रश्नोत्तरे

खंडेनवमीला घरातली शस्त्रं पेटीबाहेर येतात, पूजा होते, दसऱ्याचं सोनं वाटून झालं की माझ्याकडे पत्रं यायला लागतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या मराठी घरांत पणजोबांच्या बंदुकीबरोबर काडतुसांचा एखादा डबाही निघतोच. बंदूक पुसायला सगळ्यांना येते. काडतुसाचं काय करायचं हे मात्र कुणाला ठाऊक नसतं, आणि मग ऐकीव सल्ल्यांचा सुकाळ होतो. फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून आणि पुढे रेंजवर माझी उमर याच कामात गेली. दर वर्षी तेच गैरसमज नव्याने येतात, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

पावसाळ्यात पेटीला ओल लागली. बारा बोरची काडतुसं गच्चीवर ऊन दाखवून घेतली तर चालतील ना?

नाही. भिजलेलं काडतूस वाळवून पूर्ववत होत नाही, आणि उन्हाने आतली दारू आणखी बिघडते. ती वेगळी ठेवा, वापरू नका, परवानाधारक विक्रेत्याला दाखवा.

पुंगळीला (काडतुसाच्या कवचाला) तेल लावून ठेवलं तर गंज धरणार नाही, असं काका म्हणतात.

तेल टोपीत, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागात, झिरपलं की काडतूस मुकं होतं. कोरड्या फडक्याने पुसा, पुरे.

पॉइंट टू-टूच्या रिकाम्या पुंगळ्या परत भरता येतात का?

नाही. त्यात वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो आणि पिन लागली की कड चेपते. ती पुंगळी पुन्हा भरण्यासाठी बनवलेलीच नाही.

रेंजवर चाप ओढला, नुसता 'टक' आवाज आला, बार निघाला नाही. सोबतचे म्हणाले, लगेच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघड आणि दुसरं घाल. बरोबर का?

चूक. नळी निशाणाच्याच दिशेने धरून ठेवायची आणि किमान ३० सेकंद थांबायचं. ठासणीची बंदूक असेल तर त्याहून जास्त, एक-दोन मिनिटं. कधी कधी टोपी पेटते, पण दारू रेंगाळून पेट घेते. त्या क्षणी बोल्ट उघडा असला तर पुंगळीला मागून धरून ठेवणारं काही उरत नाही आणि पितळेचे तुकडे तुमच्या तोंडावर येतात. थांबून झालं की चेहरा बाजूला घेऊन बोल्ट उघडा. निघालेलं काडतूस खिशात टाकू नका, घरी नेऊ नका. ते रेंज ऑफिसरच्या ताब्यात द्या.

न उडालेल्या बारापेक्षा मला अर्धवट उडालेल्याची भीती जास्त वाटते. आवाज 'फुस्स' आला, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, निशाणाच्या कागदावर भोक नाही, तर तिथेच हात थांबवा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली की नळी फाटते. बंदूक रिकामी करा, बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे नळी बघा. पुढून कधीही डोकावू नका. आरपार दिसलं नाही तर बंदूक थेट आर्मररकडे द्या. 'दुसऱ्या गोळीने पहिली ढकलून देऊ' असं कुणी सुचवलं तर त्याच्याशेजारी उभेसुद्धा राहू नका.

वडील जाऊन तीन वर्षं झाली. परवाना त्यांच्या नावावर होता. बंदूक आणि काडतुसं कपाटात कुलूपबंद आहेत, कुणी हात लावत नाही. घाई आहे का?

तीन वर्षांपूर्वीच होती. परवाना त्यांचा होता, तुमचा नाही. कुलूप लावलं म्हणून ताबा कायदेशीर होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१ अशी शस्त्रं आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगतं. जमा केल्याने मालकी लगेच जात नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो किंवा शस्त्र रीतसर विकता येतं. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेल्याही त्यातच मोजतात. 'भावाभावांत ठरलं नाही' हे कारण मी फार ऐकतो. ते ठरत राहील, वस्तू आधी जमा करा. हवं तर वकिलाला विचारा, कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत जा, पण या आठवड्यात जा.

घरी पणजोबांची विलायती दुनळी आहे, परवाना माझ्या नावावर आहे. दुकानदार म्हणाला, "बारा बोर म्हणजे बारा बोर, बसतं ना आत? मग चालतं." खात्री कशी करावी?

'बसतं म्हणून चालतं' हे वाक्य काडतूस विकण्यासाठी आहे, तुमच्या बोटांच्या काळजीने कुणी ते बोलत नाही. अनेक जुन्या विलायती दुनळ्यांची कोठी (काडतूस बसतं ती नळीतली जागा) अडीच इंचांची, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरची असते. आजची पुष्कळ काडतुसं ७० मिलिमीटरची असतात, आणि हे माप तोंड उघडल्यानंतरचं आहे. न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असल्याने ते छोट्या कोठीत सहज शिरतं. बार होताना ते उलगडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. म्हणजे आत बसणं हा पुरावाच नव्हे.

नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या करा. खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतील. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ते ठसे नळीची परीक्षा कोणत्या दारूवर झाली हे सांगतात. 'नायट्रो प्रूफ', म्हणजे बिनधुराच्या दारूवर परीक्षा झाल्याचा ठसा, नसेल तर बिनधुराच्या दारूचं आजचं काडतूस त्या नळीसाठी नाही असंच धरा. नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कसची, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली. तिला आतून गंज लागलेला असला तर बाहेरून पत्ता लागत नाही. जुन्या बंदुकीला चकाचक पॉलिश करून 'आता नवीच झाली' म्हणणारे कारागीरही गावात आहेत. पॉलिशने ठसे पुसट होतात, नळी मजबूत होत नाही.

त्याच पेटीत वीस बोरची काडतुसं असतील तर ती आजच वेगळी काढा. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्याहून बारीक असतं, म्हणून ते बारा बोरच्या कोठीतून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो वर बारा बोरचं घालतो आणि चाप ओढतो. म्हणूनच आज बहुतेक ठिकाणी वीस बोरचं काडतूस पिवळं करतात. जुन्या कागदी काडतुसांच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. बंदूक जाणत्या आर्मररकडून मोजून घ्या, तोवर ती फक्त पूजेला.

लग्नात नुसता कागदी बार काढला तर काय बिघडतं?

जवळून त्या बारातला डाट (दारूवर दाबलेलं बूच) आणि तापलेला वायूही माणूस मारतो. हर्ष फायरिंगला, म्हणजे समारंभातल्या अशा गोळीबाराला, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काढू नका.

आजोबा स्वतः काडतुसं भरायचे. माळ्यावर त्यांचं भरायचं यंत्र, दारूचा अर्धा डबा, टोप्या आणि भरलेली पन्नासेक काडतुसं मिळाली. ती वापरावीत की फोडून दारू टाकून द्यावी?

दोन्ही नाही. हे पत्र वाचून मी आधी फोन केला, मग उत्तर लिहायला बसलो.

दुसऱ्याने भरलेलं काडतूस ही जगातली सर्वांत अविश्वासू वस्तू आहे, मग भरणारा घरचाच का असेना. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. जुनी काळी दारू कोळसा, गंधक आणि सोऱ्याची. ती मापट्याने मोजून भरत. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची, तिची ताकद कितीतरी जास्त. काळ्या दारूच्या मापट्याने ती भरली तर बंदूक फुटते. डब्यावरची चिठ्ठी एका दारूची आणि आत दुसरीच, हे मी पाहिलं आहे. एक डबा संपला की उरलेली दुसऱ्यात ओतायची सवय लोकांना असायची.

शिवाय दारू म्हातारी होते. बिनधुराच्या दारूत डायफिनिलअमीनसारखं स्थिरकारक घालतात, ते हळूहळू खर्ची पडतं. मग दारूतून आम्लाची वाफ सुटते, डबा उघडताच आंबट, नाकाला झोंबणारा वास येतो, लालसर-तपकिरी भुकटी दिसते, पितळेवर टोपीभोवती हिरवं कडं धरतं. अशी दारू उष्णतेत आपोआप पेटू शकते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो.

म्हणून डबा हलवू नका, उघडून वास घेऊ नका. काडतूस पक्कडीने फोडू नका. जाळू नका, विहिरीत टाकू नका, पुरू नका, पितळ म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. त्याची भट्टी असते आणि तिच्याजवळ त्याची मुलं असतात. मुलांना माळ्यावर चढू देऊ नका, जवळ आग नेऊ नका. पिशवीत घालून स्कूटरवरून ठाण्यात नेऊ नका. आधी फोन करून काय सापडलं ते सांगा, गरज पडली तर पोलीस बॉम्बशोधक पथक आणतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि बनवायची यंत्रंही येतात. २०१९ नंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. 'आजोबांची आठवण' म्हणून यंत्र शोकेसमध्ये ठेवायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. सापडल्या दिवशीच कळवलंत तर तुमची बाजू स्वच्छ राहते. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर राहत नाही.

मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. तिथे घरी रायफलची काडतुसं भरणं कायदेशीर आहे. परवा भरताना फोन आला, लक्ष विचलित झालं, आणि एका पुंगळीत दारू दोनदा पडली असावी असं त्याला वाटतं. शंभर भरून झाली आहेत. काय करावं?

शंभरही संशयित. एकही उडवायचं नाही. वजन करून दोषी काडतूस शोधण्याचा मोह होईल, पण पुंगळी आणि गोळी यांच्या वजनातला फरकच कधी कधी दारूच्या जादा मापाला झाकून टाकतो, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. गोळी उपसायचं हत्यार तिथे मिळतं. डोळ्यांवर चष्मा लावून, शांतपणे, सगळी उपसायची. निघालेली दारू मूळ डब्यात परत ओतायची नाही. ती कशी नष्ट करायची हे दारू बनवणाऱ्या कंपनीला विचारायचं. सांडलेली दारू घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची नाही, ठिणगीने पेटते. ब्रशने गोळा करायची. जिवंत टोपी ठोकून बाहेर काढायच्या फंदात पडायचं नाही.

पुढच्या वेळी टेबलावर एकच दारू, फोन दुसऱ्या खोलीत. सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून दारूची पातळी बघायची. उंच-खोल लगेच डोळ्यांत भरते. शक्य असेल तिथे अशी दारू निवडावी की जिने अर्ध्याहून जास्त पुंगळी भरते, म्हणजे दुसरं माप पडलं तर ते बाहेर सांडतं. मापं कंपनीच्या ताज्या पुस्तकातूनच घ्यायची, व्हिडिओतून नाही. आणि उपसण्यापूर्वी त्याने तिथल्या क्लबातल्या अनुभवी माणसाला बोलावून समोर बसवावं. तो हो म्हणेपर्यंत काडतुसं चिठ्ठी लावून कुलपात, रायफलपासून वेगळी.