वाचक विचारतात : बालवाडीच्या कॉम्प्युटरला कुलूप कोणतं लावू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गावात बालवाडी चालवते. चार ते सहा वर्षांची सतरा मुलं आहेत. एका ऑफिसातून निघालेले दोन जुने लॅपटॉप आम्हाला मिळाले. भाच्याने ते चालू करून दिले, पण पहिल्याच आठवड्यात मुलांनी काहीतरी दाबलं आणि नको तो व्हिडिओ लागला. पालक म्हणतात, बंद करा ते. असलं काही अडवणारं, फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर सांगाल का?
— एक बालवाडीताई, आटपाडी तालुका

उत्तर : ताई, अडवणारं सॉफ्टवेअर शोधूच नका. चार वर्षांच्या मुलासाठी इंटरनेट गाळून घेत बसायचं कशाला? त्या वयात इंटरनेट लागतच नाही. चित्र काढायला, आकडे मोजायला, अक्षर ओळखायला जे हवं ते मशीनच्या पोटातच ठेवता येतं.

फ्रान्समधल्या काही मंडळींनी २०१० च्या सुमारास नेमकी हीच गोष्ट केली होती. विंडोजसारखंच मशीन चालवणारी, पण मोफत, अशी डेबियन लिनक्स नावाची सिस्टिम आहे. तिच्यावर त्यांनी लहान मुलांसाठी वेगळी सिस्टिम बांधली, तिचं नाव दुदूलिनक्स. झोपताना मूल गोधडीचं टोक नाहीतर कापडी अस्वल कुशीत घेतं ना, त्याला तिकडे दुदू म्हणतात. सीडी घालून मशीन सुरू करायचं. घरच्या डिस्कला हात लागत नाही. मुलाने काहीही दाबलं तरी बाबांची कागदपत्रं जागच्या जागी. तिची नवी आवृत्ती कित्येक वर्षांत आलेली नाही, म्हणून आज ती घाला असं मी म्हणणार नाही. पण कल्पना उचला.

मी माझ्या माहेरच्या बालवाडीत काय केलं ते सांगते. आधी डेबियन घातलं. जुन्या मशीनवर हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची साधी मांडणी, निवडला की ते बरं चालतं. मग दोन खाती केली. एक माझं, पासवर्डवालं. दुसरं मुलांचं, मशीन लावलं की आपोआप उघडणारं. त्यातून काही नवीन घालता येत नाही, काढताही येत नाही. सगळं बसवून झाल्यावर वायफाय काढून टाकलं. शेवटी पडद्यावर दोनच चित्रं ठेवली : टक्स पेंट हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आणि जीकॉम्प्री हे शिकवणाऱ्या खेळांचं. ब्राउझर काढून टाकला. मुलांना तो गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

टक्स पेंट २००२ पासून आहे, बिल केंड्रिक यांनी सुरू केलेलं. त्यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की फाइलचं नाव विचारत नाही. चित्र ठेवलं की ठेवलं. पुन्हा उघडताना सगळी चित्रं छोटी छोटी समोर येतात, आपलं ओळखून बोट लावायचं. वाचता न येणाऱ्या मुलाचा विचार करूनच ते बनवलंय. सेटिंगमध्ये पूर्ण पडदा चालू करा आणि ‘बाहेर पडा’ हे बटण बंद करा. तुम्हाला बाहेर पडायचं असेल तेव्हा शिफ्ट, कंट्रोल आणि एस्केप एकदम दाबा. जीकॉम्प्री २००० साली फ्रान्समध्येच सुरू झालं. त्या नावाचा उच्चार फ्रेंचमध्ये ‘मला समजलं’ असा ऐकू येतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभरावर खेळ आहेत. सगळे उघडे ठेवू नका. सोप्या पातळीचे तेवढे दिसतील असं करता येतं, तसं करा.

आणि एक, माउसकडे लक्ष द्या. आमच्याकडे एक मुलगी होती, तिचं बोट बटणापर्यंत पोचायचंच नाही. ती तळहाताने अख्खा माउस दाबायची, त्यामुळे दोन्ही बटणं एकदम लागायची आणि पडद्यावर भलतंच उघडायचं. सगळे म्हणत, हिला जमत नाही. मी बाजारातून सगळ्यात लहान माउस आणला, उजवं बटण सेटिंगमधून बंद केलं, दोनदा टिचकी मारायच्या जागी एकदाच पुरेल असं केलं. दुसऱ्या दिवशी तिने आख्खी पोळी रंगवली, काळे डागसुद्धा. तेव्हा व्हिडिओ अडवण्याइतकंच हेही सुरक्षिततेचंच काम आहे, असं मी मानते. मुलाला घाबरवून सोडणारं मशीन सुरक्षित कसं म्हणायचं?

वेळेचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला, तोही कमी तितका बरा. घरी मोबाइल आहेच. बालवाडीत पंधरा मिनिटं, दोघादोघांच्या जोडीने, आणि शेजारी तुम्ही. जोडी सोडू नका. एक दाबतं, दुसरं सांगतं, बोलणं तिथेच होतं.

प्रश्न : फुकट म्हणजे कधीतरी जाहिराती येणारच ना?
— एक पालक, नाशिक

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. माझ्या भाचीच्या मोबाइलवर अक्षरं गिरवायचं एक मोफत ॲप होतं. ‘ग’ अर्धा झाला आणि रमीची जाहिरात आली. ते फुकट वेगळं. टक्स पेंट आणि जीकॉम्प्री ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत : आतला कोड कोणीही उघडून पाहावा, बदलावा, प्रत काढून शेजारच्या शाळेला द्यावी. त्यात जाहिराती नाहीत, मुलांची माहितीही कुठे पाठवली जात नाही. मात्र ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरून किंवा डेबियनमधूनच घ्या. भलत्या साइटवरच्या प्रतीत कोणी काय मिसळलंय सांगता येत नाही.

प्रश्न : नात दुबईत असते, पाच वर्षांची. मराठी समजते, पण जातं, सूप, उखळ हे शब्द तिच्या कानावरच नाहीत. लॅपटॉपवर काही करता येईल का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, येईल आणि ते तुम्हीच करायचं. टक्स पेंटमध्ये शिक्के असतात. उचलायचे आणि कागदावर मारायचे. त्यात आपले शिक्के घालता येतात. घरातल्या जात्याचा फोटो काढा, मागचं सगळं खोडून पीएनजी प्रकारची फाइल करा. त्याच नावाने ओजीजी प्रकारची आवाजाची फाइल शेजारी ठेवली, की शिक्का निवडताच तो आवाज वाजतो. आमच्या बालवाडीत गल्लीतल्या एका आजींनी असे चाळीस शब्द बोलून दिले. ‘सूप’ म्हणताना त्यांना खोकला आला, तो तसाच राहिलाय. मुलं सूप निवडतात आणि आधी खोकतात.

तुम्ही आधी दहा शब्द करा आणि मुलाकरवी पाठवा. आवाज नातीच्या आजींचा घ्या, तुमचाही घ्या.