‘नाटकी’ की ‘नाट्यमय’?

सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) पाहून एकजण म्हणाला, ‘फार नाटकी वाटला.’ दुसऱ्याला तोच चित्रपट ‘जबरदस्त नाट्यमय’ वाटला. दोघं एकच सांगताहेत का, असा प्रश्न आला आहे.

मुळीच नाही. ‘नाटकी’मध्ये खोटेपणाचा ठपका आहे. ‘नाटकी रडू नकोस’ हे कौतुकानं कुणी म्हणत नाही. ‘नाट्यमय’ला तो डाग नाही. शेवटच्या षटकात सामन्याचं पारडं फिरलं की आपण ‘नाट्यमय’ म्हणतो. तिथं कुणी सोंग घेतलेलं नसतं. (हिंदीत ‘नाटकीय मोड़’ चालतं, मराठीत ती ‘नाट्यमय कलाटणी’च.)

पहिल्या प्रेक्षकाला बहुधा तिसरंच काहीतरी खुपलं असावं. विजय तेंडुलकरांचं मूळ नाटक एका गावातल्या सभागृहात घडतं. त्या एका जागेचा आणि लांबलचक संवादांचा ठसा चित्रपटावर राहिला आहे. त्याला सरळ ‘रंगमंचीय’ म्हणावं. हे वर्णन आहे, दूषण नव्हे. नाटकातल्या खोट्या खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर आरोपी बेणारेबाईंना बोलायला दहा सेकंद देतात आणि बाईंचं स्वगत मात्र कितीतरी वेळ चालतं. घड्याळाला असं गुंडाळून ठेवणं रंगमंचालाच शोभतं. पण रंगमंचावर आणि पडद्यावरही बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे यांचं ते बोलणं ऐकताना मला एकही वाक्य खोटं वाटलेलं नाही. प्रत्येक वेळी गळा दाटून येतो.

‘नाटकी’ हा शब्द इथं लागू पडतो तो पात्रांना, आणि तिथं तो अगदी चपखल बसतो. ही मंडळी हौशी नाटकवाली, वेळ घालवायला म्हणून खोटा खटला उभा करणारी. सुखात्मे बड्या वकिलाचा आव आणतात, काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीत फुगतात. तो नटांचा दोष नव्हे, पात्रांचा स्वभाव आहे. भ्रूणहत्येचा लुटुपुटीचा आरोप बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याला भिडतो, तरी सुखात्म्यांचा तो आव तसाच राहतो. समोरची बाई खरोखर कोसळते आहे आणि हे अजून भूमिकेतच आहेत, ही गोष्ट मला आरोपापेक्षाही भयंकर वाटते.