वाचकांचे प्रश्न : आखलेला रस्ता आणि यंत्राचा रस्ता

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळचा मार्ग संगणकावर आखून सायकलच्या जीपीएसवर घेतला, पण यंत्र भलत्याच रस्त्याने नेते. असे का व्हावे?

उत्तर : आपली जीपीएक्स फाइल (आखलेला मार्ग बिंदूंच्या रूपात साठवणारी फाइल) बहुधा ‘रूट’ स्वरूपात असावी. त्यात मोजकेच बिंदू असतात आणि त्यांमधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवते. ‘ट्रॅक’मध्ये मात्र वळणावळणाचे बिंदू असल्याने आपली रेघ जशीच्या तशी उमटते. म्हणून फाइल ट्रॅक स्वरूपात घ्यावी आणि यंत्र गार्मिन कंपनीचे असल्यास ते केबलने संगणकाला जोडून ‘न्यूफाइल्स’ फोल्डरात टाकावी. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती तेथून नाहीशी होते, त्याने दचकू नये. ती ‘कोर्सेस’ या मार्गांच्या फोल्डरात गेलेली असते. दौलताबादपुढच्या घाटाचा चढ-आलेख मात्र घरीच पाहावा. उन्हाळ्यात तर पाण्याचे थांबेही मार्गावर खुणावून ठेवावेत.