पहिली ते चौथीच्या मुलांचा खेळाचा तास कसा घ्यावा?

तुमची अडचण अशी आहे: पहिली ते चौथीचे वर्ग, एका तासाला 40 मुलं, हातात 35 मिनिटं, चेंडू मोजके, आणि निम्मा वेळ रांगा लावण्यातच जातो. अशात मुलांना नक्की काय शिकवायचं आणि कसं?

आधी एक साधा हिशोब करून बघा. 10-10 मुलांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेला एक चेंडू, एका फेकीला साधारण 15 सेकंद. 12 मिनिटांत एका रांगेच्या 48 फेकी होतात, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम 5. तेवढ्यावर कुणालाच फेकायला येत नाही. तेच जोड्या लावा, दोघांत एक चेंडू द्या. 10 सेकंदांना एक फेक धरली तर प्रत्येकाच्या 36 होतात. निम्मा वेळ चेंडू आणायला धावण्यात गेला तरी 18 उरतात, आणि ते धावणंही वाया जात नाही. या वयात तास चांगला झाला की नाही हे माझ्या मते सगळ्यात आधी इथेच ठरतं: मूल किती वेळ नुसतं उभं होतं?

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. तुमच्या तासातला निदान निम्मा वेळ तशा हालचालीत जावा. ओळखण्याची खूण सोपी आहे. मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर हालचाल मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरदार.

चेंडू कमी असतील तर मुलांकडूनच बनवून घ्या. वर्तमानपत्राची दोन मोठी पानं घट्ट चुरगाळायची आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. चेंडू मुलाच्या मुठीत मावायला हवा. तो अंगावर बसला तरी दुखत नाही आणि घरंगळत मैदानाच्या टोकाला जात नाही. साहित्य मुलं मैदानावर येण्याआधीच चार-पाच ठिकाणी वाटून ठेवा. एकाच पेटीभोवती 40 मुलं जमली की तीन मिनिटं गेलीच. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबायचं आणि चेंडू दोन पावलांच्या मध्ये ठेवायचा. पहिले काही तास हीच सवय खेळासारखी लावून घ्या, पुढे वर्षभर घसा वाचतो. सूचना एका मिनिटात संपवा, बोलण्यापेक्षा करून दाखवा, आणि उभं राहताना ऊन तुमच्या डोळ्यांवर घ्या, मुलांच्या नाही. डोळे मिचकावणारं मूल तुमच्याकडे बघतच नसतं.

आता फेकणं. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण नीट फेकता न येणारं मूल पुढे बहुतेक मैदानी खेळांत मागे पडतं. उजव्या हाताच्या मुलासाठी क्रम असा: डावी बाजू भिंतीकडे करून आडवं उभं राहायचं, चेंडूचा हात मागे न्यायचा, कोपर खांद्याच्या उंचीला, डावा पाय पुढे टाकायचा, कंबर फिरवायची आणि मग हात सोडायचा. डावखुऱ्यांसाठी सगळं उलट. लहान मुलांची नेहमीची चूक म्हणजे ज्या हाताने फेकतात तोच पाय पुढे टाकतात, किंवा पाय हलवतच नाहीत. मग कंबर फिरत नाही आणि सगळी फेक एकट्या हाताची होते. उपाय म्हणून विरुद्ध पायाला रंगीत फीत बांधा, जमिनीवर खडूने पाऊल काढा, आणि ‘फितीचा पाय पुढे’ एवढंच सांगा. एका वेळी एकच सूचना द्यायची. पाय जमेपर्यंत कोपराचं नावही काढू नका.

इथे एक चूक शिक्षकांच्या हातून फार होते. लगेच जवळचं लक्ष्य देतात, बादलीत टाका, वर्तुळात टाका. नेम साधायचा म्हटलं की मूल अंग आखडतं, पाय रोवून उभं राहतं आणि चेंडू नुसता ढकलतं. सुरुवातीला जोर मागा, नेम नको. भिंतीपासून 5-6 मीटरवर रेघ मारा आणि ‘भिंतीवर आवाज येईल इतकी जोरात’ म्हणा. पूर्ण अंगाची हालचाल आपोआप बाहेर येते. जोडीतला एक फेकतो, दुसरा मागे उभा राहून फक्त पाय बघतो. पाच फेकींनंतर अदलाबदल. सगळ्यांनी एकाच दिशेने फेकायचं आणि चेंडू आणायला तुम्ही सांगितल्यावरच जायचं, नाहीतर वाकलेल्या मुलाला चेंडू लागतो.

झेलण्यासाठी मात्र हा लहान चेंडू चालत नाही. मोठा, मऊ, फुटबॉलएवढा चेंडू घ्या आणि थोडी हवा काढा, म्हणजे तो हळू उसळतो. मूल मान फिरवतं किंवा डोळे मिटतं ते भीतीमुळे. ‘डोळे उघड’ म्हणून ती जात नाही, मऊ चेंडूने जाते. आधी स्वतःच वर उडवून स्वतःच झेलायचा, मग जोडीदाराने एक टप्पा टाकून दिलेला, मग थेट. टप्प्यामुळे मुलाला हात पुढे न्यायला वेळ मिळतो. चेंडू छातीच्या वर येत असेल तर बोटं आकाशाकडे, कमरेखाली असेल तर जमिनीकडे, आणि हाताला लागताच तो अंगाकडे ओढून घ्यायचा. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळणं ही पायरी आहे, त्यावर रागवू नका.

उड्यांमध्ये एकच गोष्ट पक्की करा: उतरताना गुडघे वाकले पाहिजेत आणि आवाज येता कामा नये. दोरीच्या मध्यावर उभं राहिल्यावर तिची टोकं काखेपर्यंत आली तर दोरी योग्य लांबीची. सुरुवातीला दोरी मागून पुढे आणून पायांपुढे थांबवायची, मग ओलांडायची. ही फोड केली नाही तर मूल दोरी येण्याआधीच उडी मारतं.

खेळ निवडताना बाद होण्याचे खेळ टाळा, किंवा त्यांचा नियम बदला. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते तेच मूल आधी बाद होतं आणि बाकीचा वेळ कडेला बसतं. हे मला खरोखर अन्यायाचं वाटतं. पकडापकडीत 40 मुलांमागे एकावर राज्य दिलं तर बहुतेक मुलं उभीच राहतात. 20-20 चे दोन गट करा, प्रत्येकाला 15 बाय 15 मीटरचा चौकोन द्या, कोपऱ्यांवर वाळू भरलेल्या बाटल्या ठेवा. प्रत्येक चौकोनात चार जणांवर राज्य, दर मिनिटाला बदल. जो सापडला त्याने रेघेबाहेर पाच उड्या मारून परत आत यायचं. स्पर्श खांद्याखाली, दंडाला किंवा हाताला. पाठीवर हात मारायला परवानगी दिली की ढकलणं सुरू होतं. शर्यतीची शेवटची रेघ भिंतीपासून निदान 3 मीटर अलीकडे असू द्या. भिंतीला हात लावून परत येण्याच्या शर्यतीत मुलं वेग कमी करत नाहीत आणि मनगट दुखावून घेतात.

दोन ‘कप्तान’ निवडून त्यांना मुलं निवडायला लावू नका. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. गट तुम्हीच पाडा. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या तर कधीच मारायला लावू नका, धावणं ही शिक्षा आहे हे मूल लगेच शिकतं.

दम्याचं मूल तासाला बसवून ठेवायचं नसतं. त्याची सुरुवात हळू करा आणि त्याचा पंप मैदानावर हाताशी ठेवा, वर्गातल्या दप्तरात नको. डोक्याला मार लागलेलं मूल ठीक दिसलं तरी त्या दिवशी पुन्हा खेळात घेऊ नका आणि पालकांना कळवा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळलेपण दिसलं तर लगेच डॉक्टर. उन्हात पाणी तहान लागण्याची वाट न बघता पाजा.

एकच कौशल्य लागोपाठ तीन-चार तास घ्या. दर तासाला नवं काही आणलं तर कशातच सराव होत नाही. नोंदीसाठी एका तासात पाच-सहाच मुलं बघा आणि एकच प्रश्न विचारा: विरुद्ध पाय पुढे आला का? हो किंवा नाही. पहिलीच्या वर्गात जवळपास वर्षभराने लहान-मोठी मुलं एकत्र असतात, त्यामुळे धावण्याच्या वेळेवरून गुण देण्यापेक्षा त्याच मुलाची मागच्या महिन्यातली नोंद शेजारी ठेवून बघा.