पाणकोंबडी कोंबडी नाही, मग रानससा ससा आहे का?

पाणकोंबडी ही खरी कोंबडी नव्हे, मग रानससा तरी खरा ससा का मानायचा, असा प्रश्न आहे. दोन्ही नावं एकाच साच्यातली दिसतात, पण तशी ती नाहीत.

‘पाण’ लागलं की बहुतेक वेळा नुसतं दिसण्या-वागण्यातलं साम्य सांगायचं असतं. पाणकावळा कावळा नाही, पाणमांजर मांजर नाही. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी शेपटी उडवत तळ्याकाठी कोंबडीसारखी टिपत फिरते, एवढंच. तिचा गण सारसाचा. कपाळावर पांढरा टिळा मिरवणारा काळा वारकरी पक्षी, म्हणजे चांदवा, तिच्याच कुळातला. (किती नेमकं नाव ठेवलंय!)

‘रान’ मात्र बहुधा खरी सोयरीक सांगतं. रानडुक्कर हे डुक्करच, आणि रानकोंबडी गावठी कोंबडीची जवळची नातलग.

रानसशाच्या बाबतीत घोळ असा की इथे ‘रान’ मागाहून चिकटलंय. संस्कृत ‘शश’पासून आलेला ‘ससा’ हा शब्द मुळात आपल्या माळावरच्या, मानेवर काळा डाग असलेल्या प्राण्याचाच. पिंजऱ्यातला पांढरा ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या प्राण्याचा वंशज. आपण त्याला हे नाव उसनं दिलं. दोघांचं कूळ एक, पण त्यापुढे फारकत. रानसशाची गुणसूत्रं 48, पाळीवाची 44. त्यांचा संकर होत नाही. पाळीवाची पिल्लं जन्मतः उघडीवाघडी, डोळे मिटलेली. रानसशाची अंगभर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. तशीच तर लागतात, कारण त्यांना बीळ नसतं. ससा गवतात दबून बसतो आणि उठवला की पळत सुटतो. ‘ससेहोलपट’ हा शब्द शिकारीतल्या याच धावपळीतून आलेला. बिळात शिरून सुटणाऱ्या प्राण्यावरून तो सुचलाच नसता.

म्हणून लिहिताना मी रानातल्याला नुसतं ‘ससा’ म्हणतो आणि घरातल्याला ‘पाळीव ससा’. विशेषण लावायचंच तर पाहुण्याला लावावं. ‘रानससा’ चूक नाही, पण तो पाळीव सशाचा पूर्वज असल्याचा भास त्यातून होतो.

‘ससेमिरा’ मात्र या चर्चेत ओढू नये. तो सशाचा नाहीच; ‘ससेमिरा’ एवढंच बरळत राहणाऱ्या वेड्या राजपुत्राच्या संस्कृत कथेतून तो मराठीत आला.